आक्कांनी पाटीवर काय लिहिलं

फोन जवळ घे गं शालन. दिवाळीपासून वडगावला फिरकली न्हाईस. फोन केला की बोरगावातनं म्हणतीस, "काकू, मेसेज टाक." टाकते तर. पण हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाय — तुझ्या काकांनाही न्हाय.

काकू लई झकास लिहिते, म्हणतीस. अगं, मी लिहीतच न्हाय. फोनपुढं बोलते, अक्षरं आपली उमटतात. हेही तसंच उमटतंय. छापलेलं मी वाचते — दुकानाच्या पाट्या, पेपर — माझी मीच शिकले. पण हातानं लिहिलेलं? एक ओळ लागत न्हाय. अक्षरं एकमेकांत शिरतात. अन् गल्लीत मी वाचणारी बाई! कुठल्या तोंडानं सांगायचं?

तुझ्या आईचं, आमच्या आक्कांचं, घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हा तू पाटी आणून दिलीस. आता कळलं का, मी काय सांगणार हाय?

आम्ही जावा-जावा जन्मभर मागाच्या खडखडाटात खुणेनंच बोललो. धागा तुटला, चहा ठेव. नाकावर बोट म्हणजे सासूबाई आल्या. वाटलं, निभेल. आक्का लिहायच्या, मी मान डोलवायची, अंदाजानं पाणी द्यायची, उशी सरकवायची. बऱ्याचदा जमायचंही.

एका दुपारी त्यांनी पाटी भरून लिहिलं. मी म्हटलं, "व्हय, आक्का." त्यांनी पुसलं, मोठ्या अक्षरात परत लिहिलं, माझं मनगट धरलं. पलीकडं तुझा भाऊ माग चालवत होता. हाक मारता आली असती ना? — न्हाय मारली. लाज वाटली. "व्हय, करते," म्हटलं. चेहरा कसा उजळला गं त्यांचा! काम झालं म्हणून त्यांनीच पदरानं पाटी पुसून टाकली.

मग त्यांचा हातही उचलेना. दाराकडं बघायच्या, मग माझ्याकडं. मी भांडी घासायला उठायची. कशाची वाट बघत होत्या — कुणाची? तुलाच बोलवायचं असंल का? मला आजही ठाऊक न्हाय. तशाच गेल्या.

तू विचारलंस, आईनं शेवटी पाटीवर काय लिहिलं. मी म्हटलं, "माझी शालन सुखात राहू दे." ते तू आईच्या फोटोखाली छापून लावलंस. तुझ्या घरी आले तेव्हा वाचलं मी — छापलेलंच की ते. वाक्य माझं हाय, शालन. आईचं न्हाय.

माफ कर म्हणत न्हाय. बोलायचं नसलं तर बोलू नको. पण लवकर ये, बाई.