काजूच्या बागेतलं माकड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, गावच्या रामेश्वरासमोर उभा राहूनही नाही — देवाला म्हणे न सांगता कळतं, तेव्हा तिथे गप्प राहायची चांगलीच सोय होती. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही समोर नाही म्हणून. माणूस समोर असला की मी बोलणं फिरवतो. हायस्कुलात शिक्षक आहे ना — पोरांच्या अवघड प्रश्नांना बगल देत देतच केस पिकले.

आधी सुनंदाबद्दल सांगतो. सुनंदा माझी बायको. आम्ही आचऱ्याला राहतो. आमचं मूल जन्मतःच गेलं, आणि पुन्हा झालं नाही. त्या दुःखात ती अशी बुडाली की जेवण नको, बोलणं नको, सकाळी उठून वेणी घालणं नको. बावीच्या कठड्याला टेकून बसायची, आणि कळशी बाजूला तशीच रिकामी. शेजारपाजारच्यांनी काय काय उपाय सुचवले. मी मात्र तिला कणकवलीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे मुद्दाम सांगतोय — माझ्या हातूनही कधी बरं झालं होतं, एवढं तुमच्या कानावर असावं म्हणून. बघा, अजून फुशारकी सुटत नाही.

औषधांनी, काळाने, आणि खरं तर स्वतःच्या हिमतीने ती त्यातून वर आली. त्यानंतर तिला स्वतःचं मन ओळखता यायला लागलं, जसा होडीवरच्या माणसाला वारा ओळखता येतो. ‘आज जरा जड आसा, पण जायत,’ म्हणायची, आणि संध्याकाळपर्यंत ते खरंच जायचं. गावच्या बालवाडीत शिकवायला लागली. पोरं तिच्या पदराला लोंबकळत आमच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत यायची. तिने हे कसं मिळवलं होतं ते मी जवळून पाहिलं होतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

मामाकडून मला काजूची एक बाग आलेली आहे. समुद्रापासून लांब, पार घाटाच्या पायथ्याला, दोडामार्गच्या अंगाला. काजूच्या दिवसांत आम्ही दोघं सुटीला तिकडे जायचो, मांगरात राहायचो. मांगर म्हणजे बागेतलं कौलारू खोपटं. दिवसभर बायका झाडांखालच्या पाचोळ्यात बसून बिया वेचायच्या, आणि सुनंदाही त्यांच्यात. मी हिशोबी माणूस, सावलीत उभा राहून देखरेख करणार.

त्या भागात माकडताप आला होता. माकडांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो माणसाला होतो. माकड मेलं की गोचिडी त्याला सोडून पाचोळ्यात उतरतात, आणि तिथे बसलेल्या माणसाला धरतात. जिल्ह्यातल्या शाळांना परिपत्रक आलं होतं. आमच्या शाळेत ते प्रार्थनेनंतर मीच वाचून दाखवलं, कारण माझा आवाज खणखणीत. माकडाचं मी सांगणार आहे. जरा थांबा.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी आम्ही असेच बागेत राहून आलो. घरी आल्यावर सुनंदाच्या कमरेशी गोचीड सापडली. मीच ती काढली आणि चुलीत टाकली. ‘काजींपरास हेंचा पीक बरा इला,’ म्हणून ती हसली. काही दिवसांनी तिला ताप आला, एकदम भडकलेला. डोकं फुटतंय म्हणायची, डोळे लाल, कंबर धरून विव्हळायची. गावातल्या डॉक्टरांनी साथीचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. आठवड्याभराने ताप उतरला — पण ती उठली नाही.

भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भूक नाही, झोप नाही. बालवाडीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी. बोलता बोलता वाक्य अर्धंच राहायचं. पेला धरला की हात कापायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने एकच निदान केलं — जुनं दुखणं परतलं. का करू नये? दिसायला तेच होतं. तोच उतरलेला चेहरा, तीच न घातलेली वेणी.

नाही म्हणत होती ती एकटी. ‘तुमका सांगतंय, ह्या ता नाय. तेव्हा माजा मन मेला होता. आता मन बरा आसा, हाडां दुखतत.’ मला सांगायची, नणंदेला सांगायची, समाचाराला आलेल्या बायकांना सांगायची. बायका मान हलवायच्या आणि बाहेर पडवीत येऊन माझ्याकडे कीव करून बघायच्या. आणि मी? मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचो, ‘तुका तसा वाटता गो.’

किती मायेने म्हणायचो. आजही तो माझा आवाज कानात आला की स्वतःची किळस येते.

देवळात तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडची रीतच ती — घरात काही बिघडलं की देवापुढे नारळ ठेवायचा, मानकऱ्याने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा. मानकरी म्हणाला, ‘ह्या लेकराच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर ता पदरात घे रे म्हाराजा.’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’ त्यात मी होतो. सुनंदा माझ्या खांद्याला धरून कशीबशी उभी होती, आणि तिच्या चुका पोटात घाल म्हणून मी देवाला खणखणीत आवाजात होकार भरत होतो.

मग कणकवलीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हुशार. जुनी रोगी म्हणून त्यांनी तिला झटकलं नाही. नीट ऐकून घेतलं, कापणारा हात हातात धरून पाहिला. म्हणाल्या, ‘हा थकवा, झोप उडणं, रडू येणं, काही न सुचणं, हे दोन्हींत सारखंच दिसतं. मनाच्या आजारात होतं, तसं काही तापांच्या मागूनही होतं. मला नुसतं बघून सांगता येणार नाही. तुम्ही बागेत गेला होता ना? तिथे आसपास माकडं मेल्याचं काही कळलं होतं का?’

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाली, की गोचीड मात्र चावली होती.

मी हसलो. ‘गोचिडी काय, म्हशीच्या अंगावरही असतात, डॉक्टर. आमच्या बागेत तसं काही नाही.’

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेला माणूस, मास्तर, बायकोला वेळच्या वेळी घेऊन येणारा — का ठेवू नये? त्यांनी जुनी औषधं पुन्हा सुरू केली.

आता माकडाचं. बायका बिया वेचायला यायच्या आदल्या दिवशी मी एकटाच बागेत पुढे गेलो होतो, सुनंदा मागाहून यायची होती. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला एका झाडाखाली ते पडलं होतं. कुणी मारलेलं नव्हतं, कुत्र्याने फाडलेलं नव्हतं. कुशीवर निजल्यासारखं होतं. काय करायचं ते मला तोंडपाठ होतं — जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. मी मांगरातून कुदळ आणली. खड्डा काढला, काठीने त्याला आत ढकललं, माती ओढली. मारुतीचं रूप म्हणून वर नारळ ठेवला आणि हात जोडले. केवढा धार्मिक!

कळवलं असतं तर काय झालं असतं? फवारणी झाली असती, बाग काही दिवस बंद राहिली असती. आदल्या वर्षी वरच्या बागवाल्याने कळवलं, तर त्याच्याकडे वेचायला एक बाई फिरकली नाही. काजी झाडाखाली कुजल्या, आणि लोक त्याच्या मांगरावर पाणीसुद्धा पिईनात. मला ते नको होतं. एवढंच. आमची चूल विझणार होती अशातला भाग नाही, माझा पगार चालू होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःशी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बायकांना त्याच पाचोळ्यात बसवलं. त्यांच्यात माझी बायको होती.

त्यातल्या आणखी कुणाला ताप आला का? ठाऊक नाही. मी विचारलंच नाही.

सुनंदाला ताप आला त्या दिवसापासून मला ते माकड दिसत होतं. तेव्हाही वेळ होती. पण एकदा पुरलेलं उकरायचं म्हणजे आरोग्य केंद्र आलं, चौकशी आली, गावात तोंड दाखवणं आलं — ‘मास्तर, तुम्हीच ना परिपत्रक वाचलात?’ त्यापेक्षा तिचं जुनं दुखणं सोयीचं होतं. ते आयतं हाताशी होतं, सगळ्यांना पटत होतं, आणि त्यात माझं नाव कुठेच येत नव्हतं.

तो माकडतापच होता का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. रक्त तपासलंच गेलं नाही. ते का गेलं नाही, हे तुम्हाला आता कळलं आहे. पुढे मी वाचलं, की त्या तापावर असं खास औषध नसतंच, रोग्याला सांभाळायचं असतं. किती काळ मी त्या वाक्याच्या आडोशाला बसलो! म्हणजे सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता? पडला असता. ती खरं बोलतेय, हे तिला कळलं असतं. मूल गेल्यावर तळाशी जाऊन तिने एकच गोष्ट कमावून आणली होती, स्वतःचं मन ओळखणं. ती मी तिच्याकडून काढून घेतली.

हळूहळू ती हिंडायला-फिरायला लागली. पण ‘ह्या ता नाय’ म्हणायचं तिने कधीच सोडून दिलं. बालवाडीही सोडली. साधं डोकं दुखलं, एखादी रात्र झोप लागली नाही, तरी घाबरून माझ्याकडे बघते — परत तेच का हो? भाजी अळणी झाली का हेसुद्धा मला विचारते. स्वतःच्या जिभेवरचा तिचा विश्वास उडाला आहे. मी सांगेन ते खरं.

यंदा बालवाडीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून सुनंदाला बोलवायला पोरांच्या आया घरी आल्या. त्यांना तिची हातोटी माहीत आहे. तिचा चेहरा क्षणभर फुलला. मग माझ्याकडे बघून तिने नको म्हटलं.

त्या गेल्यावर ती पडवीत माझ्याशेजारी बसली. ‘माका माजोच भरवसो नाय,’ म्हणाली. ‘त्यावेळी मी सगळ्यांका खोटा पाडी होतंय. तुम्हीच काय ता खरा सांगी होतात.’ मग म्हणाली, ‘माज्यापायी किती सोसलात तुम्ही. माका माफ करा.’

तोंड उघडायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती.

‘केलंय गो माफ,’ मी म्हटलं.

तिला बरं वाटलं. उठून तिने माझ्यासाठी चहा ठेवला, आणि मी तो प्यायलो.