एकतीस नापास चेहरे

आमच्या घराण्यात फोटोत हसायची पद्धत नाही.

म्हणजे एरवी आम्ही हसतो. जेवताना हसतो, दुसऱ्याची फजिती झाली तर पोट धरधरून हसतो. पण कॅमेरा समोर आला की ओठ मिटायचे, हनुवटी वर करायची आणि समोर कोणीतरी अर्ज घेऊन उभं आहे अशा नजरेनं बघायचं. हे आजोबांपासून आलं. आजोबा संस्थानच्या काळात वहिवाटदार होते, म्हणजे आख्ख्या तालुक्याचा कारभार त्यांच्या हाती. त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं आणि ओठ असे घट्ट मिटलेले की आतून कडी लावली असावी. "वहिवाटदारांच्या घरात दात दाखवत नाहीत," असं वडील मला सांगायचे, मी माझ्या मुलीला सांगितलं. (तिनं ऐकलं नाही. सांगायचं काम मी केलं.) आमच्या लग्नाचा अल्बम बघून सुलभाच्या एका मैत्रिणीनं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जबरदस्तीनं उभं केलं होतं का गं ह्यांना?"

आता माझ्याविषयी. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होतो. बेअरिंगच्या रिंगा यायच्या, मी त्यातली खोड शोधायचो, लाल ठिपका लावायचो आणि बाजूला टाकायचो. आमच्या खात्याचा एक नियम होता: नापास माल जागेवर ठेवायचा नाही. ठेवला की तो चुकून चांगल्या मालात मिसळतो. निवृत्त झालो तरी हात शिवशिवतात. भाजीवाली मला लांबून बघितलं की टोमॅटोवर पोतं टाकते. एकदा मी सुलभाच्या पोळ्याही तपासल्या होत्या. एकदाच.

तर आमच्या ईशाचं लग्न ठरलं सावली गावच्या मिहिर पटेलशी. व्याही प्रवीणभाई म्हणजे माणूस की जत्रा! ते 'पाणी द्या' हेसुद्धा हसत हसत सांगतात आणि हसले की डावीकडचा सोन्याचा दात असा चमकतो की समोरचा आपोआप हसायला लागतो. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "शरदभाई, तब्येत बरोबर नाय का?" मी म्हटलं, उत्तम आहे. त्यांना पटलं नाही. जाताना ओव्याचा अर्क देऊन गेले.

लग्नाला आमच्या बाजूची एकतीस माणसं जमली. त्यात मानाची माझी कमलआत्या, वय शहाऐंशी, वहिवाटदार आजोबांची धाकटी लेक, खास इंदूरहून आलेली. लग्न शुक्रवारी, सत्यनारायण रविवारी आणि सोमवारी सकाळी आत्याची गाडी. लग्नात आमच्या एकतीस जणांचा ग्रुप फोटो झाला तेव्हा आत्यानं माझा हात धरला. "शरद, हा फोटो मला मोठा करून दे. सोमवारी घेऊन जाते. खोलीत पलंगासमोर लावेन. एवढी आपली माणसं पुन्हा एका जागी मला कोण दाखवणार आहे?" मी म्हटलं, "आत्या, फोटो तुझ्या हातात देऊनच तुला गाडीत बसवीन." असली वचनं मी फार देत नाही. ही गोष्ट ऐकल्यावर का ते कळेल.

शनिवारी सकाळी मी वाडीतल्या स्टुडिओत गेलो. फोटो काढणारी किंजल, तिशीची हुशार मुलगी. "अंकल, पाच हजार फोटो निघालेत. पण तुम्हाला मेहनत नाही. हे नवीन मशीन एकेक चेहरा बघतं, शंभरापैकी मार्क देतं. डोळे, स्किन, स्माईल, सगळं. बेस्ट सहाशे बाजूला काढलेत."

मला भरूनच आलं. बत्तीस वर्षं मी जे हातानं केलं ते हे यंत्र चेहऱ्यांचं करत होतं! तिनं पहिले पंचवीस-तीस दाखवले. सगळ्यात ईशा, मार्क नव्वदच्या वर. बापाला आणखी काय हवं?

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"ते रिजेक्ट. मशीनला आवडले नाहीत. पण एकदा नजर मारून घ्या. महिनाभर ठेवतो आम्ही."

"ठेवता?" माझा आवाज तपासणी खात्यातला झाला. "किंजलबेन, नापास माल जागेवर? उद्या चुकून अल्बममध्ये मिसळला म्हणजे? उडवा सगळे."

"अंकल, एकदा बघा तरी..."

"उडवा. माझ्यासमोर."

तिनं उडवले. मी उभं राहून कॅमेऱ्यातली कार्डंसुद्धा कोरी करून घेतली. येताना वाटेत शेवउसळ खाल्ली, जास्तीची तरी मागून. कामगिरी तशीच होती.

दुपारी सगळ्यांच्या फोनवर किंजलची लिंक आली. फोनसमोर आपला चेहरा धरायचा, मशीन तो ओळखतं आणि आपले तेवढे फोटो काढून देतं. पहिला नंबर आत्याचा. तिनं पदर सारखा केला, ओठ मिटले, हनुवटी वर केली. मशीन गरगरलं आणि म्हणालं, एकही फोटो सापडला नाही.

"माझा चेहरा कळला नसेल," आत्या म्हणाली.

मग माझा मोठा भाऊ अनिल. एकही फोटो नाही. वहिनी, नाही. मी, नाही. सुलभाचे चार निघाले, त्यातले तीन पाठमोरे. (मशीननं पाठ ओळखून पास केली, हे तिनं अजून मनाला लावून घेतलंय.) प्रवीणभाईंचे दोनशे अकरा! इतकंच काय, जिलब्या तळणाऱ्या महाराजांचे बेचाळीस निघाले, कारण ते दिवसभर झारा हातात घेऊन हसत होते.

"अरे, मुलीचा बाप कोण वाटतो यात?" अनिल म्हणाला. "महाराजच वाटतात."

"आणि आपला सगळ्यांचा फोटो कुठे गेला रे?" आत्यानं विचारलं.

मी "रेंज नाहीये" असं काहीतरी पुटपुटत गच्चीवर गेलो आणि किंजलला फोन लावला.

"तो ग्रुप फोटो सहाशेत आहे ना?"

"नाय अंकल. रिजेक्टमध्ये होता. फोटो गेले, पण मार्कांची यादी आहे माझ्याकडे. सांगू?" आणि तिनं वाचायला सुरुवात केली. "एकतीस चेहरे, एकतीस नापास. पहिली लाइन, वडील बाई: सुरकुत्या जास्त, स्माईल नाही, एकोणीस मार्क. बाजूचे भाई..."

"टक्कल आहे? म्हणजे अनिल."

"हा, 'उजेड जास्त' लिहिलंय. बावीस मार्क. आणि तुम्ही: गालावर डाग, भाव संतापाचा, सतरा."

तो डाग नाही, तीळ आहे! वडिलांना होता, आजोबांना होता. आणि संताप? त्या दिवशी मी आयुष्यात झालो नव्हतो इतका खूश होतो. मी पाठवणीच्या फोटोंचं विचारलं. ईशा माझ्या गळ्यात पडून रडत होती तो फोटो. ती यादी बघून म्हणाली, "वधू पंचाण्णव. वडील: डोळे सुजलेले, नाक लाल, तब्येत ठीक नाही. रिजेक्ट."

मी गच्चीच्या कठड्यावर बसलो. खरं सांगतो, रडूच येणार होतं. मशीनचं मला वाईट वाटलं नाही. मीही बत्तीस वर्षं तेच केलं, रिंग कशानं खरचटली ते कधी विचारलं नाही. वाईट वाटलं ते आत्याचं. तिच्या पलंगासमोरची भिंत मी स्वतःच्या हातानं कोरी केली होती.

"किंजलबेन, ते फोटो परत येतात का हो?"

"अंकल, तुम्हीच उभं राहून कार्ड कोरे करवले ना."

खाली येऊन मी जाहीर केलं, "उद्या पूजेनंतर पुन्हा एक ग्रुप फोटो काढू. लग्नातल्याच कपड्यांत. मजा!"

आमच्या घरात मी 'मजा' हा शब्द वापरल्याचा दाखला नव्हता.

"सत्यनारायणाला शेरवानी?" अनिल म्हणाला.

सुलभानं नुसतं माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला लिंक लागत नाही. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दोन मिनिटांत मी सगळं कबूल केलं. ती एवढंच म्हणाली, "आत्यांना कळता कामा नये. आणि उद्या सगळ्यांनी हसायचंय, नाहीतर ते मेलं पुन्हा नापास करेल."

संध्याकाळी मी शिकवणी घेतली. कारण काय सांगितलं? नवीन पद्धत आहे, एवढंच. तीस माणसं ओळीत उभी करून मी "हसा" म्हटलं. अनिलनं दात विचकले, ते बघून त्याचा नातू रडायला लागला. वहिनी हसल्या तर त्यांना ठसका लागला. मी स्वतः आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला. सुलभा मागून आली आणि म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

रविवारी पूजा झाली, प्रसाद झाला, सगळे शेरवान्या आणि शालू चढवून गच्चीवर आले. सावलीहून प्रवीणभाई, विहीणबाई जागृतीबेन, मिहिर आणि ईशा पूजेला आलेलेच होते. आत्या म्हणाली, त्यांनाही घ्या. किंजलनं कॅमेरा लावला. या वेळी मशीनचे मार्क जागच्या जागी दिसत होते, आणि ती ते मोठ्यानं वाचत होती. (हिला कोणीतरी थांबवायला हवं होतं.)

"प्रवीणअंकल अठ्ठ्याण्णव! अनिलअंकल अकरा. शरदअंकल... नऊ."

"काल सतरा होते ना?" मी बोलून गेलो.

"काल म्हणजे?" आत्यानं मान वळवली.

संपलं. चौतीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी आत्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मशीन, मार्क, कोरी कार्डं. "आत्या, आपण कोणी हसलो नाही म्हणून त्यानं आपल्याला टाकून दिलं. आणि मीच उडवायला लावलं. चुकलो मी. पण आपली पद्धतच आहे ना, आजोबांपासून, न हसण्याची."

"कोण म्हणतं?" आत्या म्हणाली.

"म्हणजे? तो फोटो आहे की."

"अरे, बाबांना त्या फोटोत पुढचे दात नव्हते!" आत्या म्हणाली. "स्वतःच्याच लग्नात विडा तोडायच्या खेळात सासरच्या बायकांपुढे मर्दुमकी दाखवायला आख्खी सुपारी दातांनी फोडायला गेले. सुपारी राहिली, पुढचे दोन दात गेले. पुढच्याच महिन्यात वहिवाटदारीचा फोटो. आईनं दम दिला होता, तोंड उघडाल तर खबरदार. नंतर कवळी बसवली आणि मग जन्मभर खदाखदा हसले. बाबांइतका हसरा माणूस मी पाहिला नाही. तुझ्या वडिलांना एकदा विचारलं होतं मी, फोटोत असा एरंडेल प्यायल्यासारखा का बसतोस म्हणून. तर म्हणाला, घराण्याची पद्धत!"

मग प्रवीणभाईंचा सोन्याचा दात चमकला, अनिल फुटला, वहिनींना ठसका लागला, सुलभा माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली आणि आत्याची कवळी सटकता सटकता राहिली. तीन पिढ्यांचं तुंबलेलं हसू एकदम बाहेर पडलं. किंजलनं खटाखट फोटो काढले.

"परफेक्ट!" ती ओरडली. "सगळे पास! फक्त एक..."

तो एक कोण, हे सांगायला नको. माझं तोंड उघडं होतं, पण हसण्यानं नाही. आपण चौसष्ट वर्षं दोन पडलेल्या दातांची परंपरा सांभाळली, हा हिशोब चेहऱ्यावर चालला होता. मशीननं माझ्याभोवती लाल चौकट काढून विचारलं होतं, हा चेहरा काढून टाकायचा का?

"थांबा जरा, विचार करू," सुलभा म्हणाली.

शेवटी किंजललाच दया आली. मशीन दुसऱ्या फोटोतलं हसू उचलून चेहऱ्यावर बसवतं म्हणे. "अंकल, तुमचा हसतानाचा एक फोटो द्या." आम्ही घर उलथंपालथं केलं. शाळेचा, कारखान्याच्या पासाचा, पासपोर्टचा, लग्नाचा, ईशाच्या बारशाचा. एकात हसत असेन तर शपथ. तेव्हा प्रवीणभाई पुढे आले. "वेवाई, माझं घ्या ना. माझ्याकडे भरपूर आहे."

सोमवारी सकाळी फोटो आत्याच्या हातात होता. गाडी सुटेपर्यंत ती त्यावरून बोट फिरवत होती. माझ्यापाशी बोट थांबलं. "किती छान दिसतोयस रे," ती म्हणाली. "अगदी बाबा." मग जवळ घेऊन बघत म्हणाली, "हा सोन्याचा दात कधी बसवलास?"

तोच फोटो आता हॉलमध्ये आजोबांच्या शेजारी आहे. अधूनमधून मी फोनसमोर माझा चेहरा धरून बघतो. मशीन अजून म्हणतं, एकही फोटो सापडला नाही. प्रवीणभाईंनी चेहरा धरला की हा फोटो येतो, आणि त्यात ते दोनदा सापडतात. ईशा म्हणते, "बाबा, पुन्हा काढू या ना फोटो. आता तुम्हाला हसता येतं."

मी नको म्हणालो. बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, एकदा पास झालेला माल पुन्हा तपासणीला पाठवू नये.