कधीमधीचा दाणा

कॉलेजातली पोरं तिला ‘उंदीरमावशी’ म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. बावीस वर्षं जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर तिनं सांभाळले. पिंजरे धुतले, भुसा बदलला, चावेही खाल्ले. “मेल्यांनी कधी थँक्यू म्हटलं नाही,” असं हसत सांगायची. घरी हसायला कोणी नव्हतं. नवरा गेलेला. एकुलती एक लेक नऊ वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडली ती पडलीच. मधूनच तिचा फोन यायचा, कधी महिन्यात दोनदा, कधी वर्षभर नाही. “येते गं पुढच्या महिन्यात. पण आपल्या घरी हं, नातेवाइकांत नाही.” उलट फोन केला तर लागायचा नाही. काय म्हणावं अशा पोरीला! तो पुढचा महिना कधी उजाडला नाही, आणि आई मात्र दाराला कुलूप दिसू नये म्हणून कुणाच्या लग्नालासुद्धा गावाबाहेर गेली नाही.

धाकटी बहीण दर वर्षी बोलवायची, “ये राहायला, दोघी म्हाताऱ्या भांडत बसू.” यंदा तिनं निर्वाणीचं सांगितलं, “खोली रिकामी केलीय. या वेळी नाही आलीस तर पुतणीला देऊन टाकणार.” लेकीचा आवाज ऐकून चौदा महिने झाले होते. मावशीनं काळजावर दगड ठेवला आणि हो म्हटलं. रविवारी टेम्पो येणार होता.

त्याच आठवड्यात मुलांचा सवयींवरचा प्रयोग चालू होता. दोन उंदीर. दांडी दाबली की दाणा पडतो, हे दोघांनाही शिकवलेलं. फक्त पहिल्याला दर वेळी दाणा, दुसऱ्याला कधीमधी, मुलांना लहर येईल तेव्हा. मग दोघांचाही दाणा बंद केला. पहिला तासाभरात काय ते समजला आणि कोपऱ्यात जाऊन झोपला. दुसरा चार दिवस दांडी बडवत राहिला. गुरुवारी तोही थकला. दिवसभरात तीनदा दाबली, तीही उगीच. अहो, मावशीचा जीव तो, राहवतोय कुठला! चौथ्यांदा त्यानं दाबली तेव्हा, कोणी बघत नाही असं पाहून, तिनं वरून एक दाणा टाकला. एकच.

शुक्रवारी सकाळी तो वेड्यासारखा दांडीला भिडलेला.

“मावशी, तुम्ही काही दिलंत का याला?” प्रयोग घेणाऱ्या मॅडमनी विचारलं.

“एकच दाणा, मॅडम. कीव आली हो.”

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. “रोज मिळणाऱ्याला बंद झालेलं लगेच कळतं,” त्या म्हणाल्या. “कधीमधी मिळणाऱ्याला कळतच नाही. तो सुटत आला होता, मावशी. आता पुन्हा पहिल्यापासून.”

मावशी पिंजरे धुवायच्या नळाखाली हात धरून रडली. नऊ वर्षं जिला आपण आईची माया म्हणत होतो ती ही सवय! स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. घरी जाऊन तिनं रात्रीपर्यंत भांडी बांधली.

शनिवारी दुपारी फोन वाजला.

“आई, बरी आहेस ना? घाईत आहे गं. पुढच्या महिन्यात येते, नक्की. घरीच असशील ना?”

मावशीला सगळं कळत होतं. इतकं स्वच्छ तिला आयुष्यात काही कळलं नव्हतं. तिला ओरडून सांगायचं होतं, बाई गं, तुझ्या पाया पडते, एक तर ये, नाहीतर पुन्हा कधी फोन करू नकोस. शब्द अगदी ओठांवर आले होते.

“घरीच आहे,” ती म्हणाली. “मी कुठे जातेय?”

मग तिनं बहिणीला फोन लावला आणि खोली पुतणीला द्यायला सांगितली.