कटपीस मावशीच्या चळती

कटपीस मावशी समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या कपड्याला हात लावायची. सिल्वासात मराठी शाळेत रुजू होऊन मी राखोली रस्त्यावरच्या चाळीत सामान उतरवत होते, तेव्हा शेजारच्या खोलीतून ही बाहेर आली, माझा पदर अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळला आणि म्हणाली, "मिलावट आहे. धुतला का गोळे येतील." मग विचारलं, बाई कुठल्या? मी रत्नागिरीची म्हणून सांगितलं, तरी पदर तिच्या हातातच. गोळे आले, ती गोष्ट वेगळी. पण माझ्या डोक्यात त्या दिवशी जी तिडीक गेली, ती मावशी या जगात नसतानाही पुरती उतरलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची रीत आहे आणि ती मला जमणार नाही.

मावशी धुळे जिल्ह्यातली, साक्रीच्या बाजूची. नवरा गेल्यावर मुलाला, संजयला, घेऊन इकडे आली. संजय मोठा होऊन राखोलीच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला, त्याची बायको-पोरगी गावीच असायची, आणि मावशी जवळच्या सायली गावी एका कापडाच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात. दिवसभर दुसऱ्याच्या ताग्यांच्या घड्या घालायच्या आणि सुटी झाली की गेटाबाहेर किलोवर विकायला मांडलेल्या सेकंडच्या मालापुढे फतकल मारून बसायचं. तिथून ती रिकाम्या हातानं परतलेली मी पाहिली नाही. कधी वीतभर, कधी हातभर, फार तर दीड मीटर कापड. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. चाळीत ती कटपीस मावशी होती आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तिच्या पिशवीत नेहमी काडेपेटी असायची. कापडाच्या कडेचा एक धागा ओढायचा, पेटवायचा, हुंगायचा आणि जळलेलं टोक बोटांत चुरगळायचं. राख झाली तर सूत, टणक गोळी झाली तर पॉलिस्टर. विकणारा कावायचा, की मावशी, एक दिवस तू माझा सगळा माल पेटवशील. ती पुढचा धागा ओढायची. गोधडी अंगाला लागते, अंगाला खोटं काही लागू नये, असं तिचं म्हणणं. ऐकायला किती छान वाटतं. माझी तक्रार एवढीच, की इतकं पारखून आणलेलं ते कापड कुणाच्या अंगाला कधी लागायचंच नाही. ते ट्रंकेत जायचं.

तिच्या खोलीत पत्र्याच्या चार ट्रंका होत्या, माळ्यावर गोण्या होत्या, आणि एकदा मी वाटीभर कणीक उसनी मागायला गेले तर पिठाच्या दुसऱ्या डब्यातून मलमल निघाली. खाटेखाली जागा हवी म्हणून पायांखाली विटा लावत लावत खाट इतकी उंच केली होती की झोपायला स्टुलावर चढून जावं लागे. दिवाळीनंतर हे सगळं बाहेर ओट्यावर उन्हात यायचं. एकाच घडीवर ठेवलं तर कापड तिथं विरतं, म्हणून ती एकेका तुकड्याची घडी बदलायची आणि होतं तिथं परत ठेवायची. ते दोन दिवस चाळीतल्या माणसांना ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. आणि एवढ्या कापडाची ही मालकीण डिसेंबरात एक झिरझिरीत शाल ओढून कुडकुडत झोपायची. मी एकदा म्हटलं, मावशी, यात अख्ख्या चाळीची थंडी जाईल. तर म्हणते, घाई काय आहे.

मला सातवा महिना होता तेव्हा ती आपणहून माझ्या दारात आली. "लेकराची गोधडी माझ्याकडं लागली," म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगू नका बाई, अन् विकत पण आणू नका." मी खुळी, नाही आणली. जुई जन्मली डिसेंबरात. गोधडी नाही. का, तर एक पिवळा कमी पडतोय. माझी आई रत्नागिरीहून आली आणि तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, कुठे आहे ती गोधडी? मी नुसतं शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. शेवटी बाजारातून अस्वलाचं चित्र असलेलं ब्लँकेट आणावं लागलं. मावशी बाळ बघायला आली, बाळाच्या आधी ब्लँकेट चोळलं आणि म्हणाली, गोळी आहे. आलेला राग मी गिळला, कारण आई समोर होती. बारशाच्या सुमाराला पिवळा मिळाला, तर अस्तर मनासारखं नव्हतं. पहिल्या वाढदिवसाला अस्तर होतं, तर किनारीला लाल हवा होता. जुई चालायला लागली, शाळेत जायला लागली, पाचवी पास झाली. "आजी, माझी गोधडी?" हा चाळीतला विनोद होऊन बसला. ती विचारायची, सगळे हसायचे, मावशीही हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तिला शिवता येत नसतं तर मी विषय सोडून दिला असता. पण एका थंडीत ओडिशाकडचे चार कामगार सायलीला आले, अंथरूण ना पांघरूण, आणि मावशीनं दोन आठवड्यांत त्यांना चार गोधड्या शिवून दिल्या. कारखान्यातल्या चिंध्यांच्याच, पण टाका इतका बारीक आणि ओळी इतक्या सरळ, की मी बघत राहिले. मग माझं डोकं फिरलं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, यांना दोन आठवड्यांत आणि जुईला दहा वर्षं?

तिनं दातानं दोरा तोडला. "त्यांना थंडी वाजते वो बाई. त्यांना काही पण चालतं. जुईला असं काही पण देऊ का मी?"

म्हणजे परक्याला ऊब मिळणार आणि आपल्या माणसाला नुसती वाट बघायला लावणार. या शहाणपणापुढे मी हात टेकले.

गेल्या पावसाळ्यात ती मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे दवाखान्यात. संजयची कामावर आणि दवाखान्यात अशी धावपळ चाललेली. छपरातून पाणी गळून ट्रंकांवर पडतंय असं त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्यानं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. तेवढं कापड कोरडं करा बाई, म्हणाला. एवढंच म्हणाला. पण मी पडले शिक्षिका, मला पसारा बघवत नाही. जुईला हाताशी घेतलं आणि चार दिवस खपून मी अख्खी खोली लावली. पिवळ्यात पिवळं, निळ्यात निळं, छापील एकीकडे, पट्ट्यांचं एकीकडे. मधे मधे फाटका शर्ट, धोतराचा तुकडा, कुणाचं तरी तान्हेपणीचं झबलं असली जुनेरं निघाली, ती एका गोणीत कोंबली. प्रत्येक चळतीवर ठळक अक्षरात चिठ्ठी डकवली. फोटो काढून शाळेतल्या बाईंना पाठवले, त्यांनी अंगठे पाठवले. आता तरी हिला तिचा पिवळा सापडेल, असं मला वाटत होतं.

मावशी वॉकर टेकत दारात आली आणि उंबऱ्यातच थांबली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बघत राहिली. मी शेजारी उभी राहून कौतुकाची वाट बघत होते.

"बाई," ती म्हणाली, "माणसं कुठं गेली?"

मला अर्थच लागेना. मग तिला धरून खाटेवर बसवलं तेव्हा तिनं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, माझ्या ठळक चिठ्ठ्यांचा तिला काही उपयोग नव्हता. तिच्या खोलीत एकेक चळत एकेका माणसाची होती. तळाशी त्या माणसाच्या अंगावरचं जुनेर, कारण गोधडीच्या पोटात ज्याचं त्याचं जुनेर घालायचं, आणि त्याच्यावर त्या माणसासाठी जेव्हा जे मिळेल ते कापड. धोतर तिच्या भावाचं होतं. शर्ट संजयचा, शाळेतला. झबलं जुईचं होतं. मी टाकायला काढलेल्या कपड्यांतून ते तिनं कधी उचललं, मला पत्ताही नव्हता. चुलीजवळची ट्रंक अख्खी जुईची होती. अकरा वर्षं तिच्यात एकेक तुकडा पडत होता, आणि मी चार दिवसांत तो सगळ्या खोलीभर वाटून टाकला होता.

मी म्हटलं, तुम्ही बसून सांगा, मी परत लावते. तुकडा हातात आला तर ओळखेन, म्हणाली, पण एवढं सगळं उपसायला आता कंबर कुठं आहे. "राहू द्या. चालशे." हा गुजराती शब्द तिच्या कारखान्यातला, थोडा डागी माल पुढे सोडताना वापरायचा. ना ओरडली, ना रडली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते. तेवढंही तिनं केलं नाही, म्हणून मीच तिच्यावर ओरडले. खुबा मोडून नुकत्याच घरी आलेल्या बाईवर. अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा, सांगायचं होतं की ही जुईची ट्रंक आहे म्हणून.

"सांगितलं असतं तर तुम्ही मागितली असती," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं कापडाचं नाव काढलं नाही. संजय मोटारसायकलवर सायलीला नेतो म्हणाला तरी गेली नाही. दिवाळीच्या तोंडावर त्याचं कंत्राट संपलं आणि दोघं गावी जायला निघाली. टेम्पोत सगळं चढलं, ट्रंका आणि गोण्या सोडून. "तुम्ही लावलं ना बाई, आता तुम्हीच शिवा," मावशी म्हणाली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. तो टोमणा असावा अशी मला अजून आशा आहे.

मी शिवली. रागानं शिवली. ज्या कापडाला तिनं कधी कात्री लावली नाही, त्याला मी पहिल्याच संध्याकाळी लावली. गोणी उपसून झबलं शोधलं आणि आत घातलं. हिवाळाभर शाळा सुटली की तेच काम. बोटांची चाळण झाली, ओळी वाकड्या गेल्या, टाके ढेंगा टाकत गेले, पण संक्रांतीपर्यंत गोधडी तयार झाली. मग सुट्टी बघून जुईला घेतलं, नवापूरमार्गे बस पकडली आणि ती गोधडी मावशीच्या पुढ्यात नेऊन टाकली. बघा, होते की नाही.

तिची नजर तोवर मंदावली होती, बोटं मात्र शाबूत होती. ती ठिगळांवरून बोटं फिरवत गेली. "हा जुईचा. हा पण जुईचा. हा नाही, हा माझ्या भावाचा. हा संजयच्या पोरीचा." मी वह्या तपासते तशी तपासत होती. टाक्यांबद्दल अवाक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं. मग तिनं गोधडी स्वतःच्या मांडीवर ओढली. "ठेवून जा. मी नीट करून देईल."

आणि मी ठेवून आले. इतक्या वर्षांनी झालेली गोधडी मी पुन्हा त्याच बाईच्या हातात सोडून आले. परतीच्या बसमध्ये मी जुईला सांगितलं, आता विसर. फोन केला की मावशी म्हणायची, चालू आहे. एप्रिलमध्ये मी वैतागून म्हटलं, होत नसेल तर आहे तशी पाठवा. तर पलीकडून तेच, वेळ येऊ द्या बाई. मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. मे महिन्यात फोन आला तो संजयचा.

तेराव्याला आम्ही दोघी गेलो. पंगती उठल्यावर संजयनं आतून गोधडी आणून माझ्या हातात दिली. तिनं माझा टाका न् टाका उसवला होता. दुसऱ्यांचे तुकडे काढून टाकले होते, जुईचे तेवढे ठेवले होते, आणि कडेपासून मधापर्यंत सगळी नव्यानं शिवली होती, त्या चार कामगारांच्या गोधड्यांहूनही बारीक टाक्यानं. मधोमध हात फिरवला की आतल्या झबल्याची शिवण हाताला लागत होती. मी विचारलं, कधी झाली? होळीच्या आधीच, संजय म्हणाला. मग एप्रिलमध्ये मला फोनवर का नाही सांगितलं?

तो म्हणाला, "आई म्हणे, आत्ता दिली तर मळून जाईल. पोरीच्या लग्नात देऊ."

माझी पोर बारा वर्षांची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहून, तिच्या सगळ्या भावकीच्या देखत, मी मावशीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणी मला थांबवलं नाही. बोलून झाल्यावर मी तिथेच त्या गोधडीची घडी मोडली आणि जुईच्या खांद्यांवर टाकली. मे महिना होता, खानदेशातली दुपार, वर तापलेले पत्रे, आणि वीज गेलेली. जुईच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. थोड्या वेळानं मी म्हटलं, काढ आता. तिनं दोन्ही टोकं मुठीत धरून गोधडी आणखी आवळून घेतली आणि बस येईपर्यंत सोडली नाही.