जमिनीतली ऊब आणि शेजारची खिडकी

मे महिन्यात आमची मुलगी स्वीडनहून रायपूरला आली. पहिल्याच दुपारी बायकोने तिला विचारलं, "तुमच्या घरी शेगडी नाही, हीटर नाही. मंग घर गरम कसं होते वं?"

मागे मुलीने फोनवर तिच्या तिकडच्या अंगणातलं बोअरचं झाकण दाखवलं होतं आणि गरमी इथून येते म्हणाली होती. खाली उकळतं पाणी असेल असं बायकोला वाटलं. तसं मलाही तेच वाटलं होतं, पण जन्मभर रेल्वेत नोकरी केल्यावर मशीनबद्दल पोरीला विचारायचं कसं?

"नाही आई, जमीन थंडच असते," मुलगी म्हणाली. "पण वर बर्फ असला तरी खोलवर ती गोठत नाही. बोअरमध्ये पाइप सोडलाय. त्यात न गोठणारं पाणी फिरते, ते थोडी गरमी घेऊन वर येते. मशीनमध्ये एक द्रव असते, ते तेवढ्या गरमीनेही उकळून गॅस होते. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दबाने से वो खूब गरम होता है. ती गरमी फरशीखालच्या नळ्यांतल्या पाण्याला मिळते, की घर गरम."

"म्हणजे गरमी बनवत नाहीच?" मी विचारलं.

"नाही बाबा. जमिनीतून उचलून घरात ठेवते. वीज लागते ती उचलायला. आपला एसीही तेच करते, फक्त उलटं. चला, दाखवते."

शंकर नगरातली घरं एकमेकांना चिकटूनच. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक चिंचोळी गल्ली आहे. तिथे आमच्या भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा लावलेला होता. मुलीने मला त्याच्यापुढे हात धरायला सांगितलं. भट्टीसारखी हवा हातावर आली.

"ही तुमच्या खोलीतली गरमी," ती म्हणाली. "कुठेतरी टाकावीच लागते."

हवा जात होती त्या दिशेला मी पाहिलं. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. बंद. काचेला आतून पुठ्ठा लावलेला. आत कुकरची शिट्टी झाली. मुलीनेही खिडकी पाहिली.

वहिनींचे मालक उरल्याच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. ते वारल्यापासून त्या एकट्याच राहतात. पुढे कधीतरी ती खिडकी बंद झाली. आपल्या दोघांचं तोंड पाहावं लागू नये म्हणून बाईने खिडकी लावली, असं बायको म्हणाली आणि मी हो म्हणालो. आम्ही त्यांना गणपतीला बोलावणंही सोडून दिलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्वयंपाकघरातच खुर्ची दिली आणि चहा ठेवला. बसल्या बसल्या माझा शर्ट पाठीला चिकटला.

"वहिनी, आमच्या एसीची हवा तुमच्या खिडकीवर येते. तुम्ही सांगितलं काहून नाही?"

त्या चहा गाळत होत्या. "मले वाटलं, तुमाले मालूम हाय."

आवाजात राग नव्हता. 

"नव्हतं मालूम," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला माझी लाज वाटली. डबा कुठे लावायचा असं मेकॅनिकने विचारलं, तेव्हा तो आधी व्हरांड्याची जागा दाखवत होता. संध्याकाळी आम्ही तिथे बसतो, गरम हवा अंगावर येईल, म्हणून गल्लीत लाव, असं मीच सांगितलं होतं. कॉम्प्रेसर मला कळत नव्हता. गरम हवा कळत होती.

मुलगी असतानाच डबा गच्चीवर नेला. पाइप लांबला, आता थंड थोडं कमी होईल, असं मेकॅनिक म्हणाला. मी होऊ दे म्हणालो. मुलीने वहिनींकडे जाऊन पुठ्ठा काढायला मदत केली. खिडकी उघडल्यावर बायको गल्लीत गेली आणि म्हणाली, "वहिनी, या ना घरी चहाले."

"येईन," वहिनी आतून म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण आता खिडकी उघडी राहीन, तं थोडं हळू बोलत जा. तसं बंद होती तरी ऐकू येत जाय."

बायको खाली मान घालून घरात आली. वहिनींनी काय काय ऐकलं असेल, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.