काश्यप गोत्राचं जहाज

मुलाकडं अमेरिकेला येऊन नायगारा न पाहिलेला, आणि त्याचं जराही वाईट न वाटलेला मराठी माणूस आजवर एकच होऊन गेला, तो म्हणजे माझ्या टीम लीडचे, मिलिंदचे, वडील. मुंबईत सागरी विम्याच्या कचेरीत त्यांची नोकरी झाली होती. बायको गेल्यावर मिलिंद त्यांना फ्रीमाँटला घेऊन आला. डॉट-कॉमचा फुगा नुकताच फुटला होता. आमच्या अपार्टमेंटमधली पोरं टीव्ही अन् गाद्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून भारतात परतत होती. माझी नोकरी तेवढी टिकली. कर्तृत्वामुळं नव्हे, कंपनी मला काढायची विसरली असावी. शनिवारी मी मिलिंदच्या टाउनहाउसमध्ये जाई. कामाचं बोलायला जातो असं मी सांगायचो, पण वहिनी दार उघडल्या उघडल्या कुकरमध्ये वाटीभर तांदूळ वाढवायच्या, तेव्हा काय ते समजा.

काकांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, "बांधणी कुठली?" मी म्हटलं, "पुण्याची." "लाकूड चांगलं असतं तिकडचं," ते म्हणाले, आणि माझ्या पोटाकडं पाहून, "माल जरा जास्त भरलाय." काकांना नाद होता तो जुन्या इंग्रजी शिडाच्या जहाजांचा. लढायांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कुठल्या गोदीत बांधलं, तळाला तांब्याचा पत्रा कधी ठोकला, चहा किती वर्षं वाहिला, आरमारानं विकत कधी घेतलं आणि शेवट कसा झाला, एवढंच त्यांना हवं असे. दिवसभर घरात कुणी नसे. काकांना गाडी येत नव्हती, आणि फ्रीमाँटमध्ये गाडी नसलेला माणूस म्हणजे भरती न येणाऱ्या किनाऱ्यावरची होडी. ते चालत लायब्ररीत जात, नाहीतर मिलिंदच्या कम्प्युटरसमोर बसत. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मयताहून आल्यासारखा चेहरा करून सांगत, "आज एक गेली. अटलांटिकमध्ये. सगळ्यांसकट." वहिनी म्हणत, "बाबा, जेवताना तरी कुणाला बुडवू नका हो." आरमारात गेलं की जहाजाचं नाव बदलतं, हे मला त्यांनीच समजावलं. "अरे, लग्नात मुलीचं बदलतात तसंच. तांदळात नवं नाव लिहायचं, की जुनी मुलगी संपली." त्यातून एखादं जहाज फ्रेंचांनी पळवलं की नाव तिसरं, आणि इंग्रजांनी सोडवून आणलं की चौथं. मी एकदा शहाणपणानं म्हणालो, "म्हणजे आमच्या कंपनीसारखंच, काका." त्यानंतर महिनाभर ते मला ऑफिसचं काही विचारताना आधी 'हल्ली नाव काय तिचं?' असं विचारत.

या सगळ्यात त्यांचं लाडकं जहाज एकच. मुंबईच्या गोदीत सागवानानं बांधलेलं. ते त्याला 'ती' म्हणत. ओकची इंग्रजी जहाजं कुजून संपली तरी ही आपली धडधाकट. चार नावं घेतली, चहा वाहिला, तोफा वाहिल्या, कैदी ऑस्ट्रेलियाला पोचवले, देवमासे मारले, आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याच्या धामधुमीत सान फ्रान्सिस्कोकडं निघाली, त्यापुढं पत्ता नाही. आता, याच जहाजावर त्या घरातली एक मोठी गोष्ट अडून बसली होती. मिलिंदला काकांचा मुलुंडचा फ्लॅट विकायचा होता. बाबांना ग्रीन कार्ड करून कायमचं इथं ठेवायचं, हा त्याचा बेत, आणि तो प्रेमापोटीच होता. काकांची सही तेवढी बाकी. तो विषय निघाला की काका म्हणत, "हिचा शेवट लागू दे. मग माझं काय ते सांगतो." मिलिंद मला ऑफिसात म्हणायचा, "यार, एका लाकडी बोटीपायी फ्लॅटचं अख्खं क्लोजिंग पेंडिंग आहे."

सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी रविवारी आली. आदल्या दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं. "सोन्याच्या मागं आलेली जहाजं खलाशी तिथंच सोडून पळाले. त्यांच्यावर भराव घालून शहर उभं राहिलंय. तीही तिथंच कुठंतरी असेल. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं उद्या करतात. मला घेऊन चल. आणि काळे तीळ आण."

मी इंडियन स्टोअरमधून ऐटीत पुडी आणली. काकांनी गाडीत ती उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "हे कांद्याचं बी आहे. पितरांना नान खायला बोलावलंयस का?" पुढं मी ऑफिसात छापून आणलेला नकाशा वाचण्याच्या नादात बे ब्रिजच्या मधोमध एक्झिट घेतला आणि आम्ही दोघं एका बेटावर जाऊन पोचलो. समोर सबंध शहर दिसत होतं आणि तिथं जायचा रस्ता मात्र सापडत नव्हता. "तू आरमारात असतास," काका शांतपणे म्हणाले, "तर फ्रेंचांना काही करावंच लागलं नसतं."

शेवटी पोचलो तेव्हा, रविवारमुळं त्या भरावावरच्या बँकांच्या उंच इमारतींमधला रस्ता ओस होता. काकांनी विंडचीटरच्या आत हात घालून जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. "तुझे वडील आहेत ना? मग तू नुसता उभा राहा." पुण्यात एकटे राहणारे माझे वडील त्या क्षणी काय करत असतील, असं उगीच मनात येऊन गेलं. पाण्याची प्लास्टिकची बाटली मी धरली. त्यांनी ओंजळीत कांद्याचं बी घेतलं. जहाजाला गोत्र कुठलं? गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. म्हणून काश्यपगोत्री जहाजाची चारही नावं एकेक करून घेत, अंगठ्याच्या बाजूनं ते फुटपाथवर पाणी सोडू लागले. समोरच्या इमारतीचा धिप्पाड गार्ड आला. "एव्हरीथिंग ओके, सर?" माझ्या तोंडून गेलं, "फ्युनरल." "हूज?" "ए शिप्स." त्यानं आम्हा दोघांकडं नीट पाहिलं, आणि टोपी काढून तो बाजूला उभा राहिला.

गार्ड गेल्यावर काका तिथल्याच कठड्यावर बसले. म्हणाले, "ती इथं नाहीये रे."

"म्हणजे?"

"लंडनजवळ चिखलात उभी करून मोडली तिला. लाकूड जळणाला विकलं. इकडं निघालेलं ते त्याच नावाचं दुसरंच. मला होळीच्या सुमारालाच कळलं होतं."

"मग मिलिंदला का नाही..."

"शेवट लागला म्हटलं असतं तर सही करावी लागली असती. म्हणून तरंगत ठेवली." हात रुमालाला पुसत ते म्हणाले, "दमलो आता. घरी जाऊन सरळ सांगतो. तू गाडीत बसून राहू नकोस, आत ये."

मी आत गेलो, आणि अशा प्रसंगी मी नेहमी करतो तेच केलं: फ्रिज उघडून आत पाहत उभा राहिलो.

"मला घरी जायचंय," काका म्हणाले.

मिलिंदचा चेहरा उतरला. "तिथं कोण आहे, बाबा?"

"कुणी नाही. इथंही दिवसभर कुणी नसतं. पण तिथलं 'कुणी नाही' माझ्या ओळखीचं आहे."

फ्रिज जास्त वेळ उघडा राहिला म्हणून पिंपिं करू लागला. वहिनी आल्या, त्यांनी तो बंद केला. मग मिलिंदनं विचारलं, "तिकीट कधीचं काढू?"

काका दिवाळीआधी परत गेले. त्यानंतरच्या एका शनिवारी मी कॉलिंग कार्डावरून मुलुंडला फोन लावला. त्यांच्या आवाजामागं कुणीतरी कपडे आपटत होतं, भंगारवाला ओरडत होता. गुडघे दुखतात म्हणाले, शेजारी नवे आलेत, ओळख नाही म्हणाले. तरी आवाज भरलेला वाटला. मग त्यांनी विचारलं, "तू कधी निघतोयस?"

"बघू, काका. ग्रीन कार्डाचं एकदा काय ते होऊ दे. मग ठरवतो."

पलीकडं भंगारवाल्याची हाक लांब गेली. मग ते हळूच म्हणाले, "हं. तुझीही तरंगतेय तर. असू दे, असू दे. जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.