पूर्ण रिंग म्हणजे हिंगोली

माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय करत नसे. मी शाळेच्या वाचनालयात कामाला होतो आणि घरातली सगळी पुस्तकं माझ्या कोपऱ्यात होती, एवढ्यावरून त्याने मला शहाणा ठरवून टाकलं होतं. खोली बदलायची असो की डोळ्यांत कुठले थेंब घालायचे असोत, "मास्तर, काय करू सांग," असं तो विचारायचा. तो हैदराबादजवळ एका औषधांच्या कारखान्यात होता. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, सेनगावला यायचा. आमच्या बौद्ध घरात दिवाळीची पूजा नव्हती. पण कारखाना बंद व्हायचा आणि दादा यायचा, म्हणून आमचा सण तोच.

नव्वदच्या दशकात तो निघाला आहे हे तो दारात उभा राहिल्यावरच कळायचं. त्याचं पत्र मागून यायचं आणि तोच ते मायला वाचून दाखवायचा. पुढे एसटीडीचे बूथ आले, पण सणाच्या दिवसांत त्यांच्यापुढे रांगा असायच्या. मग आम्हा दोघांकडे मोबाईल आले. त्याचं कार्ड दुसऱ्या राज्यातलं, इकडे आल्यावर बोलणं फार महाग पडायचं. म्हणून त्याने खुणा ठरवल्या. नांदेडला उतरला की एक रिंग. बस आखाडा बाळापूरला आली की दोन. हिंगोलीला सेनगावच्या जीपमध्ये बसला की फोन पूर्ण वाजू द्यायचा.

"पूर्ण वाजला की मायनं भाकरी टाकायच्या," दादा म्हणाला.

"अन् वाजतच राहिला तर?" मी विचारलं.

"तर समज, भाकरीचा वास जीपमधी येऊन राहिला."

माय हसली आणि मला म्हणाली, "उचलायचा न्हाई म्हणजे न्हाई, मास्तर. तू पुस्तकातून डोकं काढशील अन् धसकन हॅलो म्हणशील."

काही वर्षं ते बराबर चाललं. आता माझी मुलगी पुण्याहून निघाली की तिची बस मला फोनवरच्या नकाशात सरकताना दिसते. वाटेत नेट गेलं की ठिपका थांबतो आणि मी जागेवरून उठतो. खुणांच्या त्या दिवसांत मात्र आम्ही निवांत असायचो. खूण आली की माणूस येतोय, यापलीकडे विचार नव्हता.

त्या वर्षी दादाने इंटरनेटवाला फोन घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी मुद्दाम फोन करून म्हणाला, "मास्तर, आता जगातली समदी खबर मला रेल्वेच्या डब्यात बसून दिसते." फार खुशीत होता.

सकाळी नांदेडची एक रिंग आली. बाळापूरच्या दोन आल्या नाहीत. सणात सगळा जिल्हा एकाच वेळी फोन लावायचा, लाईन मिळायची नाही, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. बाराच्या सुमारास फोन वाजला आणि पूर्ण वाजून थांबला.

"बसला जीपमधी," म्हणत मायने पीठ मळायला घेतलं.

दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. माझा हात पुढे गेला.

"उचलू नको. काहून तकलीफ देतो त्याला?"

"पण दोनदा काहून करून राहिला?"

"भूक लागली असंल."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माय तव्यासमोरून म्हणाली, "टाकल्या रे बाबा, टाकल्या!" फोन माझ्या मांडीवर होता. मी तो शेवटपर्यंत वाजू दिला.

भाकरी झाल्या, गार झाल्या. दीड वाजता मी न राहवून फोन लावला, तर त्याचा बंद. दोनच्या पुढे एका अनोळखी नंबरावरून फोन आला. तो खुणेचा नव्हता, म्हणून मी लगेच उचलला.

"त्या हैदराबादवाल्याचे कोण तुमी?"

"भाऊ."

"मास्तर तुमीच का? अहो, कवापासून लावून राहिले ते! वाजून राहिला, वाजून राहिला, कोणी उचलंना. घरी नव्हते काय?"

"घरीच होतो," मी म्हणालो.

बोलणाऱ्याचं बाळापूरच्या स्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं. नांदेडपासून दादा बसमध्ये गर्दीत उभाच होता. छातीत दुखायला लागलं म्हणून बाळापूरला उतरला आणि घामाने भिजलेला त्या हॉटेलच्या बाकड्यावर बसला. दवाखाना जवळच आहे, चला, असं हॉटेलवाला म्हणाला. दादा म्हणाला, "माझा भाऊ शिकलेला हाय. त्याला विचारतो, मंग जातो." त्याने तीनदा फोन लावला. रस्ताभर इंटरनेट चालू ठेवलेला तो फोन मग बॅटरी संपून बंद पडला. त्याने माझा नंबर कागदावर लिहून दिला, पण हॉटेलवाल्याच्या फोनवरून लाईन लागेना. दादा बसून राहिला. पाऊण तासाने तो आडवा झाला, तेव्हा लोकांनी उचलून जीपमध्ये घातलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

दादाच्या मागे केलेल्या जलदान विधीच्या दिवशी हॉटेलवाला आमच्या घरी आला. मी त्याला रस्त्यावरच गाठलं. "मायला ते फोनचं सांगू नका," म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग काय सांगू, सर?" मी पुढे होऊन त्याला घरात नेलं.

मायने त्याला जवळ बसवलं. "बाबा, काही बोलला का तो?"

"न्हाई मावशी. बसल्या जागी डोळा लागला त्यांचा."

"तकलीफ झाली का?"

"न्हाई, मावशी."

माय म्हणाली, "बाळापूरच्या दोनच रिंगा ठरल्या होत्या. त्यानं पूर्ण काहून वाजवला? तेबी तीनदा?"

हॉटेलवाला माझ्याकडे बघायला लागला.

"नवा फोन होता, माय," मी म्हणालो. "कट करायचं बटन सापडलं नसंल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असंल," म्हणाली आणि हॉटेलवाल्यासाठी चहा टाकायला उठली.

त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही. पण घरात फोन वाजला की हातातलं काम टाकून तीच आधी धावायची, पिठाच्या हाताने उचलायची, कुणाचाही असो. माझ्या मेहुण्याने एकदा गमतीने म्हटलं, "अहो, मिस कॉल होता तो, माझे पैसे गेले ना." माय म्हणाली, "जाऊ दे." मी शेजारी बसलेलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

माय गेल्या महिन्यात गेली. मी खरं सांगेन याची ती वाट पाहत होती, की ते सांगावं लागू नये म्हणून मला जपत होती, ते मला कळलं नाही.